पांढरं पडलं म्हणजे मेलं असं नाही

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये कोरल (प्रवाळ) पाळणाऱ्यांचा मे महिन्यात मला ठरलेला फोन येतो. यंदाचा नाशिकच्या इंदिरानगरहून होता. "दादा, चार दिवसांपूर्वी दुपारभर लाइट नव्हती, टँक 31 अंशांवर गेला होता. आता लेदर कोरल पांढरंफटक पडलंय. मेलंच. काढून टाकू ना?"

म्हटलं, "आधी वास घे."

टँक 25-26 अंशांवर ठेवायचा, हे तुम्हाला ठाऊक आहे. घोटाळा होतो तो ब्लीच होणं, म्हणजे रंग उडणं, आणि मरणं एकच समजण्यात. कोरलचा तपकिरी रंग त्याचा स्वतःचा नसतोच. तो त्याच्या मांसात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा. हे शैवाल उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा कोरलला देतं. पाणी तापलं की शैवालाचं काम बिघडतं, त्यातून ऊतींना घातक असे पदार्थ तयार होतात आणि कोरल भाडेकरूला बाहेर काढतं. घर शाबूत, चूल बंद. ब्लीच झालेलं कोरल उपाशी असतं, पण जिवंत असतं.

एप्रिलच्या खरड छाटणीनंतरची द्राक्षबाग आठवा. बाहेरगावचा पाहुणा म्हणेल, वाळली. आपण वेल उपटत नाही.

ओळखायचं असं. ब्लीच झालेलं लेदर फिकट असतं, पण टणक असतं. ड्रॉपरने पाण्याचा हलका झोत मारला की उघडे पॉलिप (फुलासारखी बारीक तोंडं) आखडतात. मेलेलं लिबलिबीत होतं, त्याचे तुकडे सुटतात आणि कुजक्या अंड्यासारखा वास येतो. ते मात्र लगेच काढा, नाहीतर सगळा टँक नासेल. झोअँथिड (बटणांसारखं दिसणारं छोटं कोरल) असेल तर हातमोजे घालूनच. काही जातींतलं पॅलिटॉक्सिन हे विष जीवघेणं आहे. (दगडी कोरलबद्दल मला विचारू नका. ते वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, घरी नकोच.) आणि लेदर नुसतं मिटून मेणचट दिसत असेल तर ते कात टाकतंय, स्वस्थ बसा.

आता ब्लीच झालेल्याचं. टँकमध्ये बर्फ टाकणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. एका धक्क्यातून उठलेल्याला दुसरा कशाला? पाण्यावर तिरका पंखा लावा. नाशिकची मेमधली हवा कोरडी, त्यामुळे बाष्पीभवनाने पाण्याचं तापमान चांगलं उतरतं. मुंबईच्या दमटपणात एवढा फरक पडत नाही. आटलेलं पाणी आरओच्या गोड्या पाण्याने भरा, खाऱ्या नव्हे, मीठ उडून जात नाही. शैवाल परत यावं म्हणून लाइट वाढवू नका. लाइट निम्मी करा आणि काही आठवड्यांत हळूहळू चढवा. उरलंसुरलं शैवाल आधीच भाजलेलं असतं. खायला थोडंच घाला. बाटलीतली टॉनिकं दुकानातच राहू द्या.

पुढच्या वेळेसाठी बॅटरीवरचा एअर पंप घ्या. तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी मावतो, त्यात लाइट गेली की पंप बंद. माशांना त्याचा फटका आधी बसतो.

रंग परतायला आठवडे लागतात, कधी महिने. तोवर दर रविवारी एकच फोटो, पांढऱ्या लाइटखाली. निळ्या लाइटमधले चमचमणारे फोटो मला पाठवू नका, त्यात ब्लीच झालेलंही नवरीसारखं दिसतं.