व्यसनाधीनता : ओळख व उपचार (मुंबई)

दारू, गर्द (ब्राउन शुगर), तंबाखू किंवा अन्य मादक पदार्थाच्या सेवनावरचा ताबा सुटणे आणि नुकसान डोळ्यांदेखत होत असूनही सेवन चालू राहणे, या आजाराला व्यसनाधीनता म्हणतात. मुंबईच्या बोलीत दारूच्या व्यसनाला चढत्या पायऱ्या आहेत : ‘कधीतरी घेतो’, ‘रोजचा आहे’, ‘बेवडा झालाय’. गर्द ओढणारा तो ‘गर्दुल्ला’. पहिल्या दोन पायऱ्यांना कोणी आजार म्हणत नाही, आणि उपचाराची वर्षे तिथेच निघून जातात.

ओळख : जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या दहाव्या वर्गीकरणात सहा लक्षणे दिली आहेत, त्यांपैकी तीन वर्षभरात एकत्र दिसली तर व्यसनाधीनता मानतात. अनावर तलफ, सुरू केल्यावर थांबता न येणे, पूर्वी एका क्वार्टरमध्ये चढायची तिथे आता दोन लागणे, बंद केल्यावर शरीराला त्रास होणे, बाकी सगळ्यातून मन उडणे आणि तब्येत, नोकरी, घर बिघडते आहे हे कळूनही न सुटणे, ही ती लक्षणे.

यावर मुंबईकराचे ठरलेले उत्तर म्हणजे श्रावण. ‘गटारीनंतर महिनाभर थेंब शिवत नाही, मग व्यसन कसलं?’ हा युक्तिवाद लंगडा आहे. महिनाभर थांबता येते का, एवढ्यावर निदान होत नाही. पुन्हा पहिला पेग घेतल्यावर काय होते, तेही पाहावे लागते. पूर्ण व्यसनी माणूसही श्रावण पाळू शकतो, फक्त तो दिवस मोजत असतो.

घरच्यांना बहुधा आधी कळते. सकाळी चहाचा कप दोन्ही हातांनी धरला जातो, बशी वाजते. ‘उतारा’ म्हणून दोन घोट गेले की हात स्थिर होतात. हा सकाळचा उतारा गंभीर खूण आहे. डॉक्टर वापरतात ती ‘केज’ चाचणी चारच प्रश्नांची : कमी करावीशी वाटली का, कोणी टोकल्यावर राग येतो का, अपराधी वाटते का, सकाळी उठल्याउठल्या लागते का. दोन उत्तरे ‘हो’ आली तर तपासणी करून घ्यावी.

एकदम बंद करण्याचा धोका : देवापुढे शपथ घालणे, माळ घालणे, खोलीत कोंडणे हे घरगुती उपाय. माळेने कित्येकांची सुटली आहे, हे खरे. पण रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तोडली तर साधारण ६ ते २४ तासांत थरकाप व घाम सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि ४८ ते ७२ तासांच्या सुमारास काहींना भ्रम होतो : भिंतीवर किडे दिसतात, माणसे ओळखू येत नाहीत. यात जीव जाऊ शकतो. म्हणून हे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधे व थायमिन (जीवनसत्त्व ब-१) देऊन काढतात. गर्दच्या ‘टर्की’त, म्हणजे ते तोडल्यावर होणाऱ्या त्रासात, अंग मोडून येते, नाक-डोळे गळतात, जुलाब होतात, जिवाला धोका कमी, पण सहन होत नाही म्हणून माणूस पुन्हा पुडीकडे वळतो.

लोकलच्या डब्यात ‘न सांगता दारू सोडवा’ अशा चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात. भाजीत कालवलेल्या पुडीत काय आहे हे कोणालाच ठाऊक नसते. त्यात डायसल्फिरॅमसारखे दारू सोडवण्याचे औषध असेल आणि ते पोटात असताना दारू घेतली तर चेहरा लाल होतो, धडधड वाढते, रक्तदाब कोसळू शकतो. ते रुग्णाच्या संमतीनेच द्यायचे असते.

उपचारस्थाने : परळचे केईएम, मुंबई सेंट्रलचे नायर, सायनचे लोकमान्य टिळक ही महापालिकेची रुग्णालये आणि भायखळ्याचे सरकारी जे. जे. यांच्या मानसोपचार विभागांत केसपेपर काढून सुरुवात करता येते. अडचण बहुधा पैशांची नसून दारावरच्या पाटीची असते. ‘मला काय वेड लागलंय?’ म्हणून माणूस जिन्यावरूनच परततो. फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमधून कृपा फाउंडेशन ही व्यसनमुक्ती संस्था सुरू केली. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही (स्थापना १९८६) मुंबईचे रुग्ण दाखल होतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित विकारांना मानसिक आजारात धरतो. त्यामुळे ‘केंद्र’ म्हणवणाऱ्या जागेने कोंडून मारहाण करणे हा उपचार नव्हे, बेकायदा कृत्य आहे.

१९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या, दारू सोडू पाहणाऱ्यांनीच एकमेकांना आधार देण्याच्या संघटनेच्या मराठी मीटिंगाही शहरात भरतात. फी नाही, आडनाव सांगावे लागत नाही. सोडलेले दिवस मोजले जातात; ‘स्लिप’ झाली, म्हणजे पुन्हा घेतली, की मोजणी पहिल्या दिवसापासून.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी साधारण एकालाच कसलाही उपचार मिळतो. नशामुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ ही आहे. तिथे व्यसनी माणसानेच फोन करावा असे नाही. बशी वाजलेली ऐकणाऱ्यानेही करावा.