चार्जर भिंतीवर नसतोच

इलेक्ट्रिक गाडी बुक करताना शोरूममधला मुलगा हमखास विचारतो, "सर, थ्री पॉइंट थ्रीचा चार्जर देऊ की सेव्हन पॉइंट टूचा?" हे आकडे किलोवॉटचे, म्हणजे वीज किती वेगाने भरते त्याचे. रंग आणि सीट कव्हर ठरवून खुशीत आलेले आपण मोठ्या आकड्यावर बोट ठेवतो. मोठा आकडा म्हणजे लवकर चार्जिंग, हे मोबाइलमुळे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. गाडीचं प्रकरण जरा निराळं आहे. मुळात भिंतीवर लावतात त्या ज्या डब्याला सगळे चार्जर म्हणतात, तो चार्जर नसतोच.

बॅटरीला डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज लागते. आपल्या घरात येते ती एसी, २३० व्होल्टची, दिशा बदलत सेकंदाला ५० आवर्तनं करणारी. एसीची डीसी करणारं यंत्र गाडीच्या पोटात बसवलेलं असतं. त्याला ऑनबोर्ड चार्जर म्हणतात आणि खरा चार्जर तोच. (हायवेवरच्या फास्ट चार्जरमध्ये हे यंत्र बाहेर, त्या कपाटाएवढ्या खोक्यात असतं. म्हणून ते तेवढं मोठं आणि तेवढं महाग.) घरच्या भिंतीवरचा डबा म्हणजे फाटकावरचा वॉचमन. गाडी नीट जोडली आहे का ते बघायचं, किती करंट घ्यायचा ते तिला सांगायचं आणि काही बिनसलं तर लाइन तोडायची, एवढंच त्याचं काम.

त्यामुळे गाडीतला ऑनबोर्ड चार्जर ३.३ किलोवॉटचा असेल, तर भिंतीवर ७.२ चा डबा लावूनही गाडी ३.३ नेच चार्ज होते. २०२० साली आलेली पहिली नेक्सॉन ईव्ही अशी होती. टियागो ईव्हीत दोन्ही पर्याय मिळत होते, म्हणून सेकंडहँड घेताना नेमका कोणता बसवलाय ते विचारून घ्या. ११ किलोवॉटच्या डब्याला तीन फेज लागतात. सिंगल फेजच्या घरात ३२ अँपियर गुणिले २३० व्होल्ट, म्हणजे जेमतेम ७.४ किलोवॉट, ही वरची मर्यादा समजा.

आता या वॉचमनची आणि गाडीची बोलाचाली ऐकण्यासारखी आहे. आपल्याकडच्या गाड्यांना जी 'टाइप २' गन (केबलच्या टोकाचा मोठा प्लग) लागते, ती मेनेकेस या जर्मन कंपनीने घडवलेली. तिच्यात सात पिना: तीन फेजच्या, एक न्यूट्रल, एक अर्थ आणि दोन बारक्या, फक्त बोलण्यासाठी. त्यातल्या एकीवर डबा १२ व्होल्ट लावून वाट बघत बसतो. गन खोचली की गाडीतला एक रेझिस्टर तो दाब ९ व्होल्टवर ओढतो. डब्याला कळतं, पाहुणे आले. मग डबा त्याच तारेवर सेकंदाला १००० वेळा व्होल्टेज वरखाली करू लागतो. प्रत्येक आवर्तनात ते किती वेळ वर राहतं, हाच निरोप असतो. त्या टक्केवारीला ०.६ ने गुणलं की अँपियर मिळतात. ५३ टक्के म्हणजे ३२ अँपियर, २७ टक्के म्हणजे १६. गाडी तो निरोप वाचते, तयार झाली की दाब ६ व्होल्टवर आणते आणि तेव्हा कुठे डब्यातून 'टक्' असा आवाज येऊन वीज सुरू होते. तोवर गनच्या पिना मेलेल्या असतात. पावसात गन लावताना जीव मुठीत धरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. दुसरी बारकी पीन केबलची जाडी सांगते. केबलच्या टोकाशी २२० ओहमचा रेझिस्टर असला तर ती ३२ अँपियरची, ६८० ओहमचा असला तर २० ची.

इतकी चोख व्यवस्था, पण सगळी डब्याच्या पुढची. डब्याच्या मागे भिंतीत गेलेली वायर किती जाड आहे, जोड कुठे दिलाय, स्क्रू किती घट्ट पिळलाय, हे त्याला कोणी सांगत नाही. घरच्या चार्जिंगमध्ये गडबड होते ती बहुतेक याच मुक्या भागात.

घरातलं दुसरं कुठलंही उपकरण इतका वेळ इतका करंट ओढत नाही. गिझर दोन किलोवॉटचा असला तरी पाव तासात बंद होतो. एसीचा कॉम्प्रेसर मधूनमधून दम खातो. गाडी मात्र सहा-सहा तास सलग १४-१५ अँपियर ओढते. तारेत होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते. सॉकेटमधल्या सैल स्क्रूपाशी अवघा ०.१ ओहमचा विरोध असला तरी १५ अँपियरला तिथे २२.५ वॉट उष्णता तयार होते. साधारण एका सोल्डरिंगच्या कावियाइतकी, बंद प्लॅस्टिकच्या डबीत, रात्रभर. आमच्या इमारतीतल्या पार्किंगमधला एक पॉवर पॉइंट असाच तपकिरी पडला. वास आला म्हणून कुणीतरी खाली उतरलं. उघडल्यावर दिसलं की स्क्रू हाताने फिरतोय. त्याच ०.१ ओहमला ३२ अँपियर दिले तर उष्णता १०२ वॉट होते. म्हणून ७.२ च्या डब्याला प्लग-सॉकेट नको, वायर थेट आतल्या टर्मिनलला पिळूनच हवी. ३.३ साठीही घरगुती सॉकेटऐवजी निळा इंडस्ट्रियल सॉकेट लावला तर जास्त टिकतो. एक्स्टेन्शन बोर्डावर गाडी लावणाऱ्याला तर मी हात जोडूनच विनंती करतो. गुंडाळी न सोडलेली एक्स्टेन्शन केबल स्वतःच हीटर होते.

वायरचं गणितही करून बघा. मीटर रूमपासून पार्किंगची जागा ४० मीटरवर असली तर वीज जाऊन येऊन ८० मीटर तांब्यातून फिरते. ६ स्क्वेअर एमएमच्या वायरचा विरोध साधारण ०.२३ ओहम भरतो आणि ३२ अँपियरला तिच्यात सुमारे २४० वॉट नुसते तापण्यात जातात. १० स्क्वेअर एमएमची टाकली तर १४५ च्या आसपास. जवळच्या अंतराला ७.२ साठी ६ आणि ३.३ साठी ४ स्क्वेअर एमएम ठीक आहे. लांब असेल तर एक पायरी वर चढा. एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) ३२ अँपियरच्या डब्याला ४० चा, कारण तासन्‌तास पूर्ण क्षमतेवर चाललेला एमसीबी तापून विनाकारण पडतो.

अर्थिंगबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण 'नवी गाडी चार्ज होत नाही, लाल दिवा लागतो' या तक्रारीमागे बऱ्याचदा तेच निघतं. गाडी रबराच्या टायरवर उभी असते, जमिनीशी तिचा संबंध नाही. इलेक्ट्रॉनिक्समधल्या गोंगाट गाळणाऱ्या कपॅसिटरमधून थोडासा करंट नेहमीच बॉडीकडे झिरपतो आणि तो अर्थच्या तारेने निघून जावा अशी रचना असते. अर्थच नसेल तर बॉडीवर मेन्सच्या निम्मा दाब चढू शकतो आणि दाराला हात लावला की झिणझिण्या येतात. म्हणून डबा आधी अर्थ तपासतो आणि नसला तर सरळ नकार देतो. यावर काही वायरमन एक जुगाड करतात: सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडून देतात. दिवा हिरवा होतो, गिऱ्हाईक खूश. पण मागे कुठे न्यूट्रल तुटली तर गाडीची आख्खी बॉडी २३० व्होल्टवर जाते. हे करू देऊ नका. केलेलं असेल तर आजच काढून घ्या.

चांगलं अर्थिंग मिळणं हे जमिनीवरही अवलंबून असतं. घाटावर खाली काळा पाषाण, कोकणात जांभा. दोन्हीत ओल टिकत नाही आणि कोरडी जमीन वीज नीट वाहून नेत नाही. जुने लोक खड्ड्यात तांब्याची पट्टी पुरून भोवती मीठ-कोळसा भरत आणि उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतत, ते उगाच नाही. डिसेंबरात व्यवस्थित चालणारं चार्जिंग मे महिन्यात अडायला लागलं, तर आधी त्या खड्ड्याला पाणी पाजून बघा. तपासणी सोपी आहे. वायरमनला मल्टिमीटर लावायला सांगा: फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ हे दोन आकडे जवळपास सारखे हवेत आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर जायला नको. सॉकेट समोरून बघताना फेज उजवीकडे आहे ना, हेही त्याच वेळी बघून घ्या.

दुकानात ज्या प्रश्नावर दुकानदार तुमच्याकडे टक लावून बघेल तो हा: "यात ६ मिलिअँपियरचं डीसी लीकेज डिटेक्शन आहे का?" त्याचं कारण असं. शॉकपासून वाचवणारी आरसीसीबी फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला करंट एका चुंबकीय कड्यातून मोजते. दोन्हींत ३० मिलिअँपियरचा फरक पडला की ती पडते. पण गाडीच्या बॅटरीकडून थोडी डीसी वीज उलटी झिरपली तर ते कडं एकाच दिशेने चुंबकित होऊन अडकतं आणि आरसीसीबी आंधळी होते. बाहेरून सगळं ठीक, टेस्टचं बटण कोणी दाबत नाही आणि संरक्षण मात्र गेलेलं. डब्यात डीसी पकडायची सोय असेल तर मागे 'टाइप ए' आरसीसीबी पुरते. नसेल तर 'टाइप बी' लागते आणि ती चांगलीच महाग पडते. घरात आधीपासून असलेली 'टाइप एसी' या कामाची नाही. ॲप, रंगीत दिवे, गाडी ओळखणारं कार्ड यांच्या आधी हे विचारा.

मग ३.३ की ७.२? रोज ४० किलोमीटर चालणारी छोटी गाडी युनिटला सात किलोमीटर देते असं धरा. बॅटरीत सहा युनिटं भरायची, वाटेतली गळती धरून मीटरवर पावणेसात-सात. ३.३ च्या पॉइंटवर हे काम दोन तासांत होतं. गाडी रात्री नऊ ते सकाळी सात अशी दहा तास उभीच असते. अशा माणसाने ७.२ चा डबा घेतला तर त्याची गाडी रात्री दहालाच भरून पहाटेपर्यंत नुसती उभी राहील. माझं मत विचाराल तर बहुतेकांनी डब्यावरचे पैसे वाचवून वायर, अर्थिंग आणि आरसीसीबीवर घालावेत. ७.२ खरंच लागतो तो मोठ्या बॅटरीवाल्याला आणि रोज दीड-दोनशे किलोमीटर फिरणाऱ्याला. ७९ युनिटांची बॅटरी ३.३ वर शून्यापासून भरायला दिवस-रात्र मिळून चोवीस तास पुरत नाहीत. रात्री कोल्हापूरहून येऊन सकाळी नाशिकला निघणाऱ्याचं तिथे भागणार नाही.

मोठा डबा घेण्याआधी वीजबिलावरचा 'मंजूर भार' बघा. जुन्या फ्लॅटला तो दोन-तीन किलोवॉटच असतो, म्हणजे आधी लोड वाढवून घ्यावा लागेल. घरच्या मीटरवर गाडी चार्ज केली तर दर घरगुतीच लागतो, पण महिन्याला दोनशे युनिटं वाढली की वरची युनिटं पुढच्या, महागड्या टप्प्यात जातात. रात्रीच चार्ज करा हा सल्लाही आता जुना होत चाललाय. जुलै २०२५ पासून महावितरण स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर सवलत देतं, सुरुवातीला युनिटमागे ८० पैसे. सौर वीज भरपूर असते ती वेळ. घरून काम करणाऱ्यांची गाडी दुपारी दारात असते, त्यांनी टायमर दुपारचा लावावा.

सोसायटीच्या सभेत 'दहा गाड्या आल्या तर ट्रान्सफॉर्मर उडेल' असं कोणीतरी म्हणतंच. दहा गुणिले ७.२ म्हणजे ७२ किलोवॉट, भीती वाटणं साहजिक आहे. पण दहा गाड्यांना रात्रीत मिळून साठ-सत्तर युनिटंच हवी असतात. दहा तासांत ती द्यायची तर सरासरी सहा-सात किलोवॉट पुरतात, म्हणजे एकाच डब्याचा भार. आपसात बोलून करंट वाटून घेणारे डबे मिळतात. वर सांगितलेली ती टक्केवारी कमी-जास्त करूनच ते प्रत्येक गाडीला आवर घालतात. स्मार्ट डब्यावर पैसे घालायचे तर इथे घालावेत. स्वतंत्र बंगल्यात एकट्या गाडीसाठी त्याची फार गरज नाही.

गावाकडे वेगळी काळजी. संध्याकाळी शेतातले पंप चालू झाले की व्होल्टेज १७० वर येतं आणि १५ अँपियरचा पॉइंट अडीच किलोवॉटच देतो; ते चालवून घेता येईल. डीपीपाशी न्यूट्रल तुटून घरात चारशेच्या जवळ व्होल्टेज आलं, तर मात्र चालणार नाही. तिथे व्होल्टेज कमी-जास्त झाल्यावर लाइन तोडणारा डबा आणि विजांसाठी सर्ज प्रोटेक्शन घ्याच. डबा उघड्यावर असेल तर धूळ-पाणी आत न येऊ देण्याचं मानांकन, आयपी ५५ किंवा ६५, बघा, वर एक पत्रा टाका. आणि गाडीचा पॉइंट इन्व्हर्टरच्या लाइनवर आलेला नाही ना, याची खात्री करा. नाहीतर लाइट गेली रे गेली की गाडी त्या बिचाऱ्या इन्व्हर्टरकडे तीन किलोवॉट मागेल आणि घरभर अंधार होईल.

वायरमन पैसे घेऊन निघण्याआधी गाडी त्याच्यासमोर लावा आणि त्याला तासभर चहाला थांबवून ठेवा. मग हाताची मागची बाजू आधी प्लगला, मग एमसीबीच्या तोंडाला लावून बघा. कोमट लागलं तर त्याला जाऊ द्या. चटका बसला, तर गाडीवरूनच चार्जिंग बंद करा आणि तो समोर असतानाच स्क्रू उघडायला लावा.