सरकारी इमारतीचा घुमट कोण ठरवते?

नवी मुंबईतल्या बेलापूरचे कोकण भवन म्हणजे साधी बहुमजली कचेरी. त्याच बेलापुरात २०१४ साली सुरू झालेले महापालिका मुख्यालय मात्र घुमट मिरवते. सरकारी दोन्ही, पण शैलीचा आदेश शोधाल तर मिळणार नाही. अमेरिकेत तो मिळतो. 'अधिकृत शैली नको' असे तिथल्या १९६२च्या मार्गदर्शक तत्त्वांत लिहिले होते. डिसेंबर २०२०मध्ये अभिजात (ग्रीक-रोमन वळणाच्या) शैलीला झुकते माप देणारा आदेश निघाला, दोन महिन्यांत रद्द झाला आणि ऑगस्ट २०२५मध्ये तशाच आशयाचा आदेश पुन्हा आला.

आपल्याकडे इंग्रजी अमलात मुंबई सरकारने सल्लागार वास्तुविशारदाचे पदच ठेवले होते. आधी जॉन बेग, मग जॉर्ज विटेट. बेग यांच्या मुंबई जीपीओचा, म्हणजे मुख्य टपाल कार्यालयाचा (१९१३), घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून घेतलेला. घुमट दिसला की सरकार आठवते, ती सवय तिथपासूनची. स्वातंत्र्यानंतर बंगळुरात कोरीव ग्रॅनाइटचे विधान सौध उठले आणि चंदीगडला उघडे काँक्रीट. १९५९ साली ललित कला अकादमीच्या दिल्लीतील चर्चासत्रात राष्ट्रीय शैलीवर वाद झडला. फर्मान काही निघाले नाही.

नवी मुंबई वसवण्यासाठी १९७०मध्ये स्थापन झालेल्या सिडको या सरकारी कंपनीच्या शहरात रूप ठरवले ते बरेचसे हिशेबाने. रेल्वेमार्गाचा ६७ टक्के खर्च सिडकोचा, ३३ टक्के रेल्वेचा. पैसा वसूल व्हायचा तर स्थानकावर कार्यालये चढवायची. वाशीचे स्थानक तसे दिसते ते यामुळे.

इतर इमारतींची शैली अंदाजपत्रकात शिरते. जी बाब दरसूचीत (सरकारी दरांच्या यादीत) आहे तिचा दर तयार असतो. नसेल तर दर पृथक्करण (साहित्य-मजुरीचा फोडून हिशेब) करा, कोटेशन मागवा, तांत्रिक मान्यतेच्या वेळी उत्तरे द्या. साहजिकच टाइप प्लॅन (ठरलेला साचेबंद नकाशा) आणि नेहमीचा गिलावा जिंकतो. दर्शनी नक्षी हवीच असेल, तर ती बहुधा एकरकमी बाब म्हणून येते. घोळ तिथेच होतो, कारण एकरकमी बाबीत तपशील लिहिलेला नसतो.

खाडीकाठी तो तपशील महागात पडतो. १९७८च्या आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात स्लॅबच्या सळईवर किमान १५ मिमी काँक्रीट पुरत होते. खाऱ्या हवेसाठी जादा जाडी सांगितली होती, पण ती नकाशावर उतरवावी लागे. २०००च्या आवृत्तीत किनारी हवेला ४५ मिमी आणि किमान एम३० प्रतीचे (मजबुतीचे) काँक्रीट लागते. हे आवरण कमी पडले की सळई गंजते, फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे सोडवते. जीआरसीच्या (काचतंतू मिसळलेल्या काँक्रीटच्या) कॉर्निसचेही, म्हणजे भिंतीच्या माथ्यावरच्या नक्षीदार पट्टीचेही, तसेच: पॅनेल टिकते, मागचे साधे लोखंडी ब्रॅकेट जातात. छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच नसेल, तर पाणी उलटे भिंतीकडे येते आणि दोन-तीन पावसाळ्यांत काळे ओघळ उमटतात. तोवर बांधकामाचे लेखाशीर्ष (खर्चाचे खाते) बंद झालेले असते, आणि देखभालीच्या लेखाशीर्षात कॉर्निसपर्यंत पोचायच्या परांचीचे पैसे कोणी धरलेले नसतात.