स्टीम क्लीनर : भाजण्याचा धोका आणि रिकॉल

स्टीम क्लीनर हे पाण्याची वाफ करून तिच्या झोताने फरशी, ओट्यामागच्या टाइल्स, शेगडी, सोफे साफ करणारे विजेवरचे घरगुती उपकरण आहे. रसायनांशिवाय तेलकट थर सुटतो, म्हणून रांगते मूल असलेल्या घरांत ते आवडीने घेतात. सर्वांत जास्त जपावे लागते तेही त्याच घरांत.

स्टीम मॉपमध्ये, म्हणजे फरशी पुसायच्या लांब दांड्याच्या प्रकारात, पाणी थोडेथोडे तापलेल्या भागावर सोडले जाते व तिथेच त्याची वाफ होते. बॉयलर प्रकारात मात्र ते बंद टाकीत उकळते. दाब 3 बारच्या (1 बार म्हणजे जवळपास हवेच्या दाबाइतका) आसपास चढला की आतले पाणी 140 अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. प्रेशर कुकरचेच हे तत्त्व, पण दाब कुकरपेक्षा जास्त आणि वाफ पाइपमधून थेट हातापर्यंत आलेली. अशा टाकीचे झाकण दाब उतरण्याआधी उघडले, तर आतले पाणी उसळून अंगावर येते. बोअरच्या जड पाण्याचे क्षार नोजलमध्ये साचतात, रबरी वायसर कडक होऊन चिरतो. मग वाफ नको तिथून वाट काढते.

वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा वाईट का? 1 ग्रॅम उकळते पाणी अंगाइतके निवताना सुमारे 63 कॅलरी उष्णता देते. तेवढीच वाफ त्वचेवर पाणी होतानाच सुमारे 540 कॅलरी सोडते आणि त्यानंतर त्या 63. स्वित्झर्लंडच्या एम्पा या संशोधन संस्थेने 2018 मध्ये डुकराच्या त्वचेवर केलेल्या प्रयोगांत वाफ वरच्या थरातून आत शिरून खालचा थर भाजते, असे दिसले. त्यामुळे वरून साधी लाली दिसली तरी जखम खोल असू शकते. शिवाय नोजलच्या अगदी तोंडाशी वाफ दिसतच नाही. पांढरा ढग दिसतो तो थोडे पुढे जाऊन निवलेल्या थेंबांचा. मधली बोटभर जागा रिकामी वाटते, आणि सर्वांत गरम तीच असते.

या उपकरणांचा एक मोठा रिकॉल, म्हणजे विकलेल्या सदोष वस्तू परत मागवणे, जुलै 2024 मधला. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने बिसेल कंपनीच्या हातात धरायच्या ‘स्टीम शॉट’ यंत्रांबाबत तो जाहीर केला. तापताना किंवा वापरताना गरम पाणी वा वाफ अंगावर उडत होती. अमेरिकेत सुमारे 32 लाख यंत्रे विकली गेली होती, कॅनडात आणखी साडेतीन लाखांवर. 183 तक्रारींपैकी 157 भाजल्याच्या होत्या, जखमा किरकोळ म्हणून नोंदल्या गेल्या. ग्राहकांना 40 डॉलर परत किंवा 60 डॉलरची खरेदी-सवलत देऊ केली गेली. विक्री ऑगस्ट 2008 पासून मे 2024 पर्यंत चालली होती. सोळा वर्षांत अशी वस्तू शेजारी जाते, जुन्या बाजारात जाते, आणि रिकॉलची बातमी तिच्यामागे जात नाही. रिकॉलची खरी कमजोरी हीच.

भारतात ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण धोकादायक वस्तू परत मागवण्याचा आदेश देऊ शकते. परदेशातल्या नातेवाइकांनी आणलेल्या यंत्राचा मॉडेल क्रमांक मात्र आपणच लेबलवर पाहून त्या देशाच्या रिकॉल यादीत शोधावा. ‘स्टीम शॉट’चे क्रमांक 39एन7 आणि 2994 या मालिकांतले आहेत.

भाजल्यास अंगठी, बांगड्या लगेच काढाव्यात आणि भाग 20 मिनिटे नळाच्या गार वाहत्या पाण्याखाली धरावा. बर्फ, टूथपेस्ट, हळद लावू नये. फोड फोडू नयेत. चेहरा, हात किंवा लहान मूल भाजले असेल, तर जखम छोटी दिसली तरी डॉक्टरांना दाखवावी.