मद्रासहून बडोद्याला: रॉबर्ट चिझम या वास्तुविशारदाची पार्श्वभूमी

लक्ष्मीविलास पॅलेस कोणी बांधला असं बडोद्यात विचारलं, तर माहीतगार माणूस मेजर चार्ल्स मांटचं नाव घेतो. उत्तर खोटं नाही, पण अर्धंच आहे. मांट 1881 मध्ये वारला आणि राजवाडा पुरा झाला 1890 मध्ये. मधली वर्षं हे काम ज्याने सांभाळलं, त्या रॉबर्ट फेलोज चिझमचं नाव गाइडच्या तोंडी क्वचितच येतं. बडोदा कॉलेजची घुमटाची इमारत आणि सुरसागराजवळचं न्यायमंदिरही त्याचंच. कमाटीबागेतल्या संग्रहालयाच्या इमारतीचं श्रेय मांट आणि चिझम दोघांनाही दिलं जातं.

मांट रॉयल इंजिनिअर्समधला लष्करी अधिकारी. कोल्हापूरचा टाउन हॉल, तिथला नवा राजवाडा आणि अजमेरचं मेयो कॉलेज ही त्याची कामं. बडोद्याचा माणूस कोल्हापूरला गेला की नवा राजवाडा पाहून त्याला घरच्यासारखं वाटतं, ते यामुळेच. आपल्या आकडेमोडीत चूक झाली आहे, इमारती कोसळणार आहेत, या धास्तीने मांटचं डोकं फिरलं अशी एक आख्यायिका आहे आणि ती चवीने सांगितली जाते. राजवाडा आजही खणखणीत उभा आहे. माझी तक्रार एवढीच, की या गोष्टीच्या रंगात पुढच्या माणसाचं कामच झाकून जातं.

चिझमचा जन्म 1840 चा. हिंदुस्थानात तो आधी बंगालच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात होता. 1860 च्या दशकात मद्रास सरकारने प्रेसिडेन्सी कॉलेज आणि मद्रास विद्यापीठाचं सिनेट हाउस या इमारतींसाठी आराखड्यांची स्पर्धा लावली. ती या विशी-पंचविशीतल्या तरुणाने जिंकली आणि पुढे तो मद्रास सरकारचा सल्लागार वास्तुविशारद झाला. प्रेसिडेन्सी कॉलेज 1870 मध्ये उभं राहिलं. त्याचं रूप इटालियन वळणाचं होतं. विलायतेतल्या नमुन्यावरून बांधायचं, हीच तेव्हाची रीत होती.

वळण आलं ते लॉर्ड नेपिअरमुळे. 1866 ते 1872 या काळात मद्रासचा गव्हर्नर असलेल्या नेपिअरने सरकारी इमारतींसाठी इथल्याच, विशेषतः मुसलमानी वास्तुपद्धतीकडे पाहावं असा आग्रह धरला. त्याच सुमारास चिझमच्या हाती अर्काटच्या नवाबाचा चेपॉक राजवाडा आला. सरकारने तो ताब्यात घेऊन कचेऱ्यांसाठी वापरायचं ठरवलं होतं. नवी इमारत जुन्या कमानींना, मिनारांना शोभेल अशी जोडायची हे काम चिझमला तिथे करावं लागलं. शेजारचं सिनेट हाउस 1879 मध्ये पुरं झालं, तोवर हा माणूस इटलीपासून बराच लांब आला होता. इथल्या, विशेषतः मुसलमानी घाटाची विलायती बांधणीशी सांगड घालणाऱ्या, नंतर जिला इंडो-सारसेनिक म्हणू लागले त्या शैलीचा तो पहिल्या फळीतला शिल्पकार ठरतो.

पण मला त्याचं खरं शिक्षण त्रावणकोरात झालं असं वाटतं. तिरुवनंतपुरमचं नेपिअर म्युझियम 1880 चं. तिथे घुमट नाहीत. केरळी पद्धतीची उतरती छपरं, कोरीव लाकडी त्रिकोणी माथे आणि वारा खेळता ठेवणारी मांडणी आहे. पावसाच्या मुलखात शतकानुशतकं टिकलेली सुतारकी त्याने नीट पाहिली होती, हे त्या छपरांवरून कळतं. मद्रासच्या कलाशाळेची सूत्रंही काही काळ त्याच्याकडे होती, म्हणजे कारागिरांशी संबंध नुसत्या ठेक्यापुरता नव्हता.

आता बडोद्याकडे येऊ. मल्हारराव गायकवाडांना 1875 मध्ये गादीवरून दूर केल्यावर दिवाण म्हणून आले सर टी. माधवराव. कुंभकोणमचे, तंजावरी मराठी घराण्यातले. त्याआधी त्यांनी त्रावणकोर आणि इंदूर या दोन्ही संस्थानांचं दिवाणपद सांभाळलं होतं. नाशिकजवळच्या कवळाण्याहून दत्तक आणलेले सयाजीराव तेव्हा लहान होते. 1880 मध्ये त्यांचं लग्न झालं तेही तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी, म्हणजे पहिल्या चिमणाबाईंशी. त्यांच्याबरोबर तंजावरच्या नर्तकी आणि साथीदार बडोद्यात आले, हे दांडिया बाजारातल्या जुन्या घरांत अजून सांगतात. दक्षिणेचा रस्ता असा रुळलेला असताना मद्रासचा वास्तुविशारद बडोद्यात पोचला, यात नवल नाही.

बडोदा कॉलेज हे त्याचं इथलं सर्वांत धाडसी काम. 1883 च्या सुमारास लंडनमध्ये वास्तुविशारदांच्या रॉयल इन्स्टिट्यूटपुढे त्याने याच कॉलेजवर आणि हिंदुस्थानातल्या घुमटबांधणीवर निबंध वाचला. म्हणजे त्याच्या लेखी हा घुमट नुसती शोभा नव्हती, तो बांधकामाचा प्रश्न होता. चौकोनी दालनावर गोल घुमट कसा बसवायचा, कोपऱ्यांतला भार भिंतींवर कसा उतरवायचा, याचं उत्तर विजापूरच्या कारागिरांनी गोलघुमटात एकमेकींना छेदणाऱ्या कमानी घालून दिलं होतं. तो 1656 च्या सुमाराचा. बडोद्याचा घुमट पाहताना विजापूरची आठवण होते ती उगाच नाही. कॉलेज 1949 मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठात सामील झालं आणि घुमट कलाशाखेच्या वाट्याला आला.

लक्ष्मीविलासचा मूळ आराखडा मांटचा, तेव्हा तिथे चिझमला हात आखडता ठेवावा लागला असणार. न्यायमंदिरात तसं बंधन नव्हतं. 1896 मध्ये पुरी झालेली ही इमारत बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्यातल्या घुमट-कमानींच्या वळणाची आहे आणि मधला उंच दिवाणखाना हा तिचा जीव. नाव दिलं तोवर वारलेल्या पहिल्या चिमणाबाईंचं. अनेक दशकं तिथे जिल्ह्याची न्यायालयं चालली, अलीकडे ती नव्या संकुलात गेली. पक्षकार, वकील, टंकलेखक यांच्या गर्दीत वर मान करून कोण बघणार? पण वर बघण्यासारखं पुष्कळ होतं.

पुढे चिझम विलायतेला परतला. लंडनमध्ये स्लोन चौकाजवळ ख्रिश्चन सायन्स पंथासाठी त्याने बांधलेलं चर्च 1907 मध्ये उघडलं, आणि त्याची शैलीही बायझंटाइनच होती. 1915 मध्ये तो वारला. ते चर्च 2004 पासून कॅडोगन हॉल या नावाने संगीत सभागृह म्हणून चालतं आणि रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंदाचे कार्यक्रम तिथे होतात.