पाडावं की ठेवावं, हे आठवडा ठरवतो

गरोदर बाईला कॅन्सर निघाला की घरात पहिला सल्ला ठरलेला असतो: आधी पिशवी साफ करून घ्या, मग कॅन्सरचं पाहू. सासू म्हणते, नवरा म्हणतो, तालुक्याचा डॉक्टरही पुष्कळदा तेच म्हणतो. कुणाच्या मनात वाईट नसतं. पण हा सल्ला सगळ्या कॅन्सरांना लागू पडत नाही, आणि जिथे पडतो तिथे अनेकदा वेळ निघून गेलेली असते. विदर्भाच्या खेड्यापाड्यांत या प्रश्नातली नीती मला इथेच अडकलेली दिसते.

साधारण हजार गरोदरपणांत एकीला कॅन्सर सापडतो. त्यात स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा जास्त. रक्ताचा आणि लसीका ग्रंथींचाही असतो. सापडतो तोही उशिरा. दिवस गेल्यावर स्तन भरून येतात, म्हणून गाठ 'दुधाची असेल' म्हणून सोडून दिली जाते. अंगावरून लाल गेलं की गर्भ टिकत नाही असं समजून झोपून राहायला सांगतात, आणि गर्भाशयाचं तोंड कुणी तपासतच नाही.

स्तनाच्या कॅन्सरबद्दल पूर्वी डॉक्टरांचाही समज होता की गरोदरपणातले हार्मोन गाठीला खतपाणी घालतात, म्हणून गर्भ काढला की बाई वाचेल. पुढे गर्भपात केलेल्या आणि न केलेल्या रुग्णांची तुलना झाली, तेव्हा हा फायदा दिसला नाही. नुसता गर्भ काढल्याने स्तनाच्या कॅन्सरमधून जगण्याची शक्यता वाढत नाही. गाठीची बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी, आणि स्तनाचं ऑपरेशन गरोदरपणातही करता येतं. सोनोग्राफीने बाळाला धोका नाही. पोटाला शिशाचं आवरण लावून मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रेही होतो.

राहिली केमो. गर्भ राहिल्यापासून आठव्या आठवड्यापर्यंत बाळाचं हृदय, हातपाय, मेंदूचा पाया, सगळं घडत असतं. केमोची औषधं झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर तुटून पडतात, आणि त्या दिवसांत गर्भाइतकं झपाट्याने दुसरं काही वाढत नसतं. म्हणून पहिल्या तीन महिन्यांत केमो दिली तर व्यंगाचा धोका १० ते २० टक्क्यांपर्यंत जातो; एरवी तो ३ टक्क्यांच्या आसपास असतो. चौदाव्या आठवड्यानंतर मात्र नेहमीच्या बऱ्याच औषधांचा हा धोका जवळपास इतर बाळांइतकाच राहतो. उगवत्या पिकावर आणि गुडघाभर वाढलेल्या पिकावर एकच फवारणी सारखी बसत नाही, तसंच हे. काही औषधं मात्र कुठल्याच महिन्यात चालत नाहीत. स्तनाच्या कॅन्सरवरच्या ट्रास्टुझुमॅब या औषधाने बाळाभोवतीचं पाणी कमी होतं, हार्मोन रोखणारं टॅमॉक्सिफेन प्रसूतीनंतरच सुरू करतात, आणि छाती-पोटाचा शेक (रेडिएशन) शक्यतो बाळंतपणानंतरच देतात.

बेल्जियममधले फ्रेडरिक अमांट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली अशा १२९ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या आयांना गरोदरपणात कॅन्सर झाला होता आणि बहुतेकींना केमो मिळाली होती. मुलांची समज आणि हृदय इतर मुलांसारखंच निघालं. फरक पडला तो वेळेआधी जन्मलेल्या मुलांमध्ये. म्हणजे केमोला भिऊन बाळाला सातव्या-आठव्या महिन्यातच बाहेर काढणं, हीच गोष्ट बाळाला जास्त महाग पडू शकते.

आता दुसरी बाजू. गर्भाशयमुखाचा कॅन्सर पसरलेला असेल तर उपाय म्हणजे ओटीपोटाला शेक, आणि त्यात गर्भ वाचत नाही. तीव्र रक्ताचा कॅन्सर पहिल्या तीन महिन्यांत निघाला तर केमोला थांबायची सोय नाही, आठवडाभराचा उशीरही जिवावर बेतू शकतो. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये २०१२ साली १६ वर्षांच्या एका गरोदर मुलीला तीव्र रक्ताचा कॅन्सर निघाला. तिथल्या कायद्यात गर्भपाताला सरसकट बंदी. डॉक्टर केमो द्यायला कचरले आणि उपचार लांबले. त्याच वर्षी ती गेली.

कॅथलिक परंपरेत यावर एक जुना युक्तिवाद आहे. कॅन्सर झालेलं गर्भाशय काढताना गर्भ गेला, तर तो उपचाराचा न टळणारा परिणाम. पण केमो देता यावी म्हणून आधी गर्भ काढला, तर ते हेतुपूर्वक केलेलं कृत्य. पहिलं क्षम्य, दुसरं नाही. विचार म्हणून हा फरक बारीक आहे, हे मान्य. पण घाटंजीच्या किंवा झरी जामणीच्या मजूर बाईच्या पलंगाशी उभं राहून मला तो तोकडा वाटतो. गर्भ काढून केमो दिली काय किंवा उपचार थांबवून ठेवले काय, बहुधा गर्भ जातोच. एकीकडे आई उरते, आणि दुसरीकडे डॉक्टराचं मन तेवढं स्वच्छ राहतं.

आपला कायदा या बाबतीत बराच मोकळा आहे. १९७१ च्या गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांसाठी दोघांचं लागतं, तेही नियमांत नेमून दिलेल्या बायकांसाठीच: अत्याचार झालेल्या, अल्पवयीन, मध्येच विधवा झालेल्या किंवा घटस्फोट झालेल्या, अपंग, बाळात व्यंग असलेल्या वगैरे. कॅन्सरची रुग्ण असा वेगळा उल्लेख त्या यादीत नाही. तिच्यासाठी कलम ५ आहे: आईचा जीव वाचवायला तातडीने गरज असेल तर आठवड्यांची मर्यादा लागत नाही. गोम 'तातडीने' या शब्दात आहे. दम लागलेली, रक्त वाहणारी बाई समोर असली की तातडी सगळ्यांना दिसते. गर्भाशयमुखाचा कॅन्सर असलेली बाविसाव्या आठवड्यातली बाई मात्र चालत ओपीडीत येते, आणि डॉक्टर कागद पुढे सरकवत राहतात. भर म्हणजे लिंगनिदानाविरुद्धच्या फलकांमुळे गावोगावी समज झालाय की गर्भपात हाच गुन्हा. आशाताईलाही हे समजावून सांगावं लागतं.

समजा, अशी एक बाई बाराव्या आठवड्यात गाठ घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात आली. तिथून ग्रामीण रुग्णालय, मग यवतमाळ. बायोप्सीचा रिपोर्ट यायला आठवडा-दोन आठवडे. मध्येच कापसाची वेचणी लागते, आणि मजुरी बुडवून एसटीने पुन्हा जायला नवरा तयार नसतो. महात्मा फुले योजनेत केमोचा खर्च निघतो, बुडालेल्या मजुरीचा निघत नाही. नागपूरला पोचते तेव्हा अठरावा आठवडा उलटलेला असतो. गाठ स्तनाची असेल तर केमो सुरू करायला हरकत नाही, पण ती तेवढ्यात वाढलेली असते. गर्भाशयमुखाची असेल तर वीस आठवड्यांची रेघ तोंडावर आलेली असते. निर्णय कुणी घेतलेलाच नसतो. तारखा पुढे गेल्या, एवढंच.

आणि बाईला आपल्याला काय झालंय हेच ठाऊक नसतं. "तिले सांगू नका डाक्टरसाहेब, ते घाबरते," असं म्हणत नातेवाईक डॉक्टरला दारातच गाठतात. त्यामागे माया असते. पण तिने गर्भपाताच्या संमतीवर अंगठा उमटवला आणि कारण कॅन्सर आहे हे तिला माहीत नसेल, तर ती संमती कशाची? अठरा पूर्ण झालेल्या बाईच्या गर्भपाताला कायद्यात फक्त तिचीच संमती लागते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही. दवाखाने मागतात, पुढे भांडण नको म्हणून.

तिला विचारायला हवं याचं कारण नुसता कायदा नाही. 'हे जाऊ दे, पुढचं होईल' असं घरचे सहज म्हणतात. पण ओटीपोटाला शेक दिला की बीजकोष निकामी होतात, पिशवी काढली तर प्रश्नच मिटला, आणि केमोनंतर कुणाची पाळी परत येईल हे आधी सांगता येत नाही. जे पोटात आहे तेच शेवटचं असू शकतं. एखादीला घरी दोन लहान पोरं असतात आणि त्यांच्यासाठी तिला जगायचं असतं. दुसरीचा कॅन्सर यकृतापर्यंत गेलेला असतो, आपण फार दिवसांच्या सोबती नाही हे तिला कळतं, आणि तरीही तिला हे मूल हवं असतं. दोघींना एकच उत्तर देणारा डॉक्टर मला पटत नाही.

मूल ठेवायचं ठरलं तर वेळापत्रक पुढेही काटेकोर असतं. बाळंतपणाच्या तीन आठवडे आधी केमो थांबवतात, कारण नाहीतर आई आणि बाळ दोघांच्याही रक्तातल्या पेशी ऐन प्रसूतीच्या वेळी कमी असतात, रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाची भीती वाढते. बाळंतपण शक्यतो सदतिसाव्या आठवड्यापर्यंत लांबवतात. नंतर केमो पुन्हा सुरू झाली की अंगावर पाजता येत नाही. वरच्या दुधाची सोय, आणि आई नागपूरला केमो घेत असताना बाळ कुणापाशी राहणार, हे पाचव्या-सहाव्या महिन्यातच घरी ठरवून ठेवावं लागतं.