स्थानिक प्रथिननिर्मिती (चेतापेशींतील)

चेतापेशीच्या केंद्रकापासून दूर, वाढत्या अक्षतंतूच्या (संदेश पुढे नेणाऱ्या लांब तंतूच्या) टोकाशी किंवा शाखिकांमध्ये (संदेश घेणाऱ्या फांद्यांमध्ये), जागच्या जागी प्रथिने तयार होण्याची प्रक्रिया. प्रथिनाची कृती वाहून नेणारा कोणता संदेशवाहक आरएनए (एमआरएनए) कुठे न्यायचा आणि कधी वाचू द्यायचा, यावर आरएनए-बंधक प्रथिनांचे नियंत्रण असते.

माणसाच्या कण्यापासून पावलापर्यंत जाणारा अक्षतंतू सुमारे एक मीटर लांब भरतो. पेशीकायेत (केंद्रक असलेल्या मुख्य भागात) बनलेले ॲक्टिन हे पेशीच्या सांगाड्याचे प्रथिन त्यातून दिवसाला जेमतेम काही मिलिमीटर सरकते. टोकावरच्या वृद्धिशंकूला (वाट शोधत पुढे सरकणाऱ्या भागाला) मात्र कुठे वळायचे हे मिनिटांत ठरवावे लागते; म्हणून प्रथिन तिथेच बनवणे सोयीचे.

सर्वांत नीट उलगडलेले उदाहरण बीटा-ॲक्टिनचे आहे. त्याच्या एमआरएनएच्या शेपटाकडे, प्रथिनात न उतरणाऱ्या भागात, ५४ न्यूक्लिओटाइडांचा (आरएनएच्या घटकांचा) एक पट्टा असतो. रॉबर्ट सिंगर यांच्या गटाने १९९४ मध्ये तो दाखवून दिला, तोही चेतापेशीत नव्हे, तर कोंबडीच्या गर्भातील फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीच्या) पेशींत. या पट्ट्याचे नाव ‘झिपकोड’. त्याला धरणारे प्रथिन झेडबीपी१. प्रथिन आणि आरएनए यांचे कण गतिप्रथिनांच्या जोरावर पेशीतील रुळांसारख्या सूक्ष्मनलिकांवरून टोकाकडे जातात. वाहतुकीइतकेच महत्त्वाचे, पण अनेकदा दुर्लक्षित राहणारे काम म्हणजे वाटेत भाषांतर (एमआरएनए वाचून प्रथिन बनवणे) रोखून धरणे. इष्ट जागी ‘सार्क’ हे विकर झेडबीपी१ च्या ३९६ व्या स्थानावरील टायरोसिनला फॉस्फेट जोडते, पकड सैल होते आणि प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमचे काम सुरू होते.

पेशीकायेपासून तोडलेला बेडकाचा अक्षतंतूही नेट्रिन-१ या वाट दाखवणाऱ्या प्रथिनाच्या दिशेने वळतो. प्रथिननिर्मिती थांबवणारे औषध दिले की वळत नाही, असे क्रिस्टीन होल्ट यांच्या प्रयोगशाळेत २००१ मध्ये दिसले. पुढे २००६ मध्ये कळले, की ज्या बाजूला नेट्रिन अधिक, त्याच बाजूला नवे बीटा-ॲक्टिन तयार होते.

झेडबीपी१ चा साठा मर्यादित असतो. त्यामुळे बीटा-ॲक्टिन आणि जीएपी-४३ (अक्षतंतूच्या वाढीशी निगडित प्रथिन) यांचे एमआरएनए त्यासाठी एकमेकांशी स्पर्धा करतात. झेडबीपी१ च्या जनुकाची दोनऐवजी एकच प्रत असलेल्या उंदरांत जखमी चेता पुन्हा वाढण्याची क्षमता कमी आढळते.

एफएमआरपी हे दुसरे बहुचर्चित आरएनए-बंधक प्रथिन प्रामुख्याने भाषांतर दाबते. त्याच्या जनुकातील सीजीजी या तीन डीएनए-अक्षरांच्या त्रयीची पुनरावृत्ती २०० च्या वर गेली की जनुक सहसा बंद पडते. फ्रॅजाइल एक्स या आनुवंशिक बौद्धिक अक्षमतेचे मूळ तिथे आहे.